ब्रुक्स रांग : थंडीने सांधलेला पहाड

एखाद्या पर्वतरांगेतले सर्वांत उंच शिखर कोणते, हा प्रश्न खरे तर शाळेच्या भूगोलातच सुटायला हवा. अलास्काच्या उत्तर भागात पूर्व-पश्चिम पसरलेल्या ब्रुक्स रांगेबाबत तो २०१४ सालापर्यंत सुटला नव्हता. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९५०च्या दशकात तयार केलेल्या नकाशांचेच एकमेकांशी जुळत नव्हते. एका प्रमाणाच्या नकाशावर माउंट चेंबरलिन उंच, तर दुसऱ्या प्रमाणाच्या नकाशावर माउंट इस्टो. साठेक वर्षे हा घोळ तसाच राहिला. अखेर मॅट नोलन या हिमनद्यांच्या अभ्यासकाने लहान विमानातून शिखरांची छायाचित्रे घेऊन त्यांवरून उंची काढली, आणि किट डेलॉरिअर्स ही गिर्यारोहक जीपीएसचे यंत्र पाठीवर घेऊन प्रत्यक्ष माथ्यावर गेली व तिथून स्कीवरून खाली उतरली. निकाल लागला तो असा : इस्टो २,७३६ मीटर, हबली दुसरे आणि चेंबरलिन थेट तिसरे.

२,७३६ मीटर म्हणजे कळसूबाईपेक्षा हजारभर मीटरने जास्त, आणि हिमालयापुढे अगदीच ठेंगणे. ब्रुक्स रांगेचे मोठेपण उंचीत नाही. पश्चिमेला चुकची समुद्राजवळ सुरू होऊन ही रांग सुमारे १,१०० किलोमीटर पूर्वेकडे जाते आणि कॅनडाच्या युकॉन प्रांतात शिरते. जवळजवळ सगळीच्या सगळी रांग आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे. एवढ्या लांबीत तिला ओलांडणारा रस्ता एकच. अल्फ्रेड ब्रुक्स या भूगर्भशास्त्रज्ञाने अलास्काच्या सर्वेक्षणाचे काम वीसेक वर्षे सांभाळले. १९२४ मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी रांगेला त्याचे नाव मिळाले. त्याआधी रांगेच्या तुकड्यांना वेगवेगळी नावे होती आणि ती आजही चालतात : पश्चिमेला डी लाँग आणि बेअर्ड, मध्यभागी एंडिकॉट, पूर्वेला फिलिप स्मिथ, फ्रँकलिन, रोमान्झॉफ.

या पहाडाला उभे ठेवण्यात खडकाइतकाच वाटा गोठलेल्या पाण्याचा आहे. उतारावरची माती, दरडींचा राडा, नदीकाठची जमीन, खडकांच्या फटी, सगळे बर्फाने सांधलेले आहे. म्हणून ब्रुक्स रांग समजून घ्यायची तर आधी थंडीचे काम समजून घ्यावे लागते. आणि आता तो सांधा कुठे कुठे निखळू लागला आहे, तेही पाहावे लागते.

रांगेच्या माथ्यावर पडलेले पाणी तीन वाटांनी जाते. उत्तर उतारावरचे पाणी कोलव्हिल, सागावानिर्कटोक, कॅनिंग अशा नद्यांतून आर्क्टिक महासागराला मिळते. दक्षिणेकडचे कोयुकुक, चँडलार, शीनजेक या नद्यांतून युकॉनला आणि युकॉनमार्गे बेरिंग समुद्राला. पश्चिम भागात नोआटक आणि कोबुक या दोन नद्या डोंगरांना समांतर वाहत कोट्झेब्यू साउंड या उपसागरात उतरतात. कोबुकच्या काठी, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला, चक्क वाळूच्या टेकड्या आहेत. हिमयुगात हिमनद्यांनी डोंगर दळून केलेला भुगा वाऱ्याने तिथे आणून टाकला. काही टेकड्या तीस मीटर उंच आहेत आणि उन्हाळ्यात ती वाळू चांगलीच तापते.

पाण्याची ही विभागणी झाडांनाही लागू आहे. दक्षिणेच्या दऱ्यांत स्प्रूसची सूचिपर्णी राने आहेत. बारीक, काटकुळी, शतकभरात मनगटाएवढी जाड होणारी झाडे. खिंड चढू लागले की ती विरळ होत जातात आणि उत्तर बाजूला उतरले की एकही दिसत नाही. पुढे समुद्रापर्यंत फक्त टुंड्रा : गवताचे गड्डे, शेवाळ, दगडफूल, घोट्याएवढे विलो. रस्त्याच्या कडेला सर्वांत उत्तरेकडचे म्हणून एक स्प्रूस प्रसिद्ध होते. त्याच्यापाशी पाटी होती, ते तोडू नये अशी विनंती होती. अडीचशेहून अधिक वर्षे थंडी सोसलेल्या त्या झाडाची साल २००४ मध्ये कोणीतरी गोलाकार सोलून काढली आणि ते मेले. अशा ठिकाणी एक झाड वाढायला किती काळ लागतो हे ज्याला माहीत आहे, त्याला या कृत्याचा राग आल्याशिवाय राहत नाही.

हे डोंगर ज्या खडकाचे आहेत तो बऱ्याच ठिकाणी समुद्रतळाचा आहे. मध्य रांगेतले करडे, उभे कडे चुनखडकाचे आहेत आणि त्यांत प्रवाळांचे व समुद्रकमळांचे जीवाश्म सापडतात. तीस-पस्तीस कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेला तो गाळ. पुढे सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीपासून आर्क्टिक अलास्काचा भूखंड आणि दक्षिणेकडून आलेली ज्वालामुखी बेटांची माळ यांची टक्कर झाली. खडकांचे थर मोडले, एकमेकांवर चढले, कितीतरी किलोमीटर उत्तरेकडे सरकले. त्यातून रांग उभी राहिली आणि उभी राहता राहताच झिजू लागली.

ती झीज कुठे गेली, ही या प्रकरणातली फार महत्त्वाची गोष्ट. डोंगरांचा चुरा नद्यांनी उत्तरेला नेऊन टाकला आणि तिथल्या खोलगट भागात त्याचे काही किलोमीटर जाडीचे थर साचले. त्या ओझ्याखाली आधीचे सेंद्रिय गाळाचे थर खोल गाडले गेले, तापले, आणि त्यांतून खनिज तेल तयार झाले. १९६८ मध्ये प्रूडो बे इथे सापडलेला तेलसाठा, उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा, हे याच झिजेचे फळ. कोलव्हिल नदीच्या काठच्या दरडींत त्याच गाळात डायनोसॉरची हाडे आहेत. शेल कंपनीचा भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट लिस्कम याला ती १९६१ मध्ये दिसली. ती एखाद्या मोठ्या सस्तन प्राण्याची असावीत असे वाटले. पुढच्याच वर्षी लिस्कम दरड कोसळून मरण पावला आणि हाडे गोदामात पडून राहिली. १९८०च्या दशकात कोणीतरी ती पुन्हा उघडून पाहिली, तेव्हा कळले की सात कोटी वर्षांपूर्वी, महिनोन्‌महिने अंधाराचा हिवाळा असलेल्या त्या प्रदेशात डायनोसॉर राहत होते.

रांगेची हालचाल अजून थांबलेली नाही. १२ ऑगस्ट २०१८ रोजी ईशान्येच्या सॅडलरोचिट डोंगरात ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला. अलास्काच्या उत्तर उतारावर नोंदला गेलेला तो आजवरचा सर्वांत मोठा.

आता थंडीकडे. २३ जानेवारी १९७१ रोजी रांगेच्या दक्षिणेकडच्या प्रॉस्पेक्ट क्रीक या छावणीत पारा उणे ६२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. अमेरिकेतल्या नीचांकी तापमानाचा हा विक्रम आजही कायम आहे. उत्तर उताराला इतका मोठा आकडा लागत नाही, पण तिथे थंडी लांबते आणि वारा थांबत नाही. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला पंधरा ते पंचवीस सेंटिमीटर पाणी. महाराष्ट्रातल्या दुष्काळी तालुक्यांनाही यापेक्षा जास्त पाऊस मिळतो. तरीही उन्हाळ्यात इथे पाऊल टाकावे तिथे चिखल, कारण वीतभर ते हातभर खोलीच्या खाली जमीन कायमची गोठलेली आहे. हिलाच पर्माफ्रॉस्ट म्हणतात. किनाऱ्याकडे तिची जाडी सहाशे मीटरच्या पुढे जाते. पाण्याला खाली मुरायला वाटच नाही, म्हणून ते वर साठते आणि वाळवंटाएवढ्या पावसावर दलदल तयार होते.

ही गोठलेली जमीन आतून कशी असते, हे पहिल्यांदा नीट सांगितले ते अर्नेस्ट लेफिंगवेल याने. १९०६ मध्ये तो एका ध्रुवीय मोहिमेबरोबर आला. बोफर्ट समुद्रात कुठे अज्ञात भूमी आहे का, हे मोहिमेला पाहायचे होते. भूमी सापडली नाही आणि जहाजही बर्फाने निकामी केले. बाकीचे परतले. लेफिंगवेल मात्र फ्लॅक्समन बेटावर जहाजाच्याच लाकडांतून बांधलेल्या खोपटात राहिला. १९१४ पर्यंत, मधला काही काळ सोडून, त्याने कुत्र्यांच्या घसरगाड्या आणि लहान होड्या यांच्या जोरावर किनारा आणि त्यामागच्या डोंगरांचा मोठा पट्टा मोजून काढला. मदतीला स्थानिक इनुपियाक कुटुंबे होती. पैसा बहुतांशी घरचा होता.

किनाऱ्याची दरड ढासळली की आतले बर्फ त्याला दिसे : वर रुंद, खाली निमुळत्या होत गेलेल्या शुद्ध बर्फाच्या पाचरी. काही वरच्या तोंडाशी मीटर-दोन मीटर रुंद. हे बर्फ जमिनीत आले कुठून, यावर तेव्हा नाना तर्क होते. लेफिंगवेलने हिवाळ्यात जमीन फाटताना ऐकली आणि भेगा मोजल्या. मराठवाड्यातल्या काळ्या रानाला चैत्रात भेगा पडतात, तशीच ही जमीनही फाटते. फक्त तिथे ती उन्हाने सुकून आक्रसते आणि इथे कडाक्याच्या थंडीने. भेग जेमतेम काही मिलिमीटरची. वसंतात वितळलेले पाणी तिच्यात उतरते आणि लगेच गोठते. पुढच्या हिवाळ्यात जमीन पुन्हा त्याच कमकुवत जागी फाटते, पुन्हा पाणी, पुन्हा बर्फाची एक पातळ चकती. अशा हजारो वर्षांच्या चकत्या जोडून पाचर होते. वरून पाहिले तर या पाचरींच्या जाळ्यामुळे सारे मैदान बहुकोनी तुकड्यांत विभागलेले दिसते. १९१९ मध्ये त्याचा ग्रंथ भूगर्भ सर्वेक्षण खात्याने छापला आणि त्यातले पाचरींचे स्पष्टीकरण आजही मान्य आहे. एका माणसाने बरीचशी पदरमोड करून, वर्षानुवर्षे एका जागी टिकून केलेले असे काम विज्ञानाच्या इतिहासात विरळाच.

नद्यांचा बर्फ वेगळ्या तऱ्हेने वागतो. उत्तर उतारावर काही ठिकाणी जमिनीतून बारमाही झरे निघतात. हिवाळ्यात नदी तळापर्यंत गोठते, पण झरा थांबत नाही. पाण्याला वाट मिळेना की ते बर्फ फोडून वर येते, पसरते, गोठते. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर येते. थरावर थर चढून वसंतापर्यंत पात्रात कित्येक मीटर जाडीची, काही ठिकाणी किलोमीटरच्या किलोमीटर लांबीची बर्फाची लादी तयार होते. कोंगाकुट आणि कॅनिंग नद्यांवरच्या अशा लाद्या जुलैतही उरलेल्या असतात. जुलै हा डासांचा महिना. एकेका कॅरिबू हरणामागे डासांचे ढग लागतात. त्यापासून सुटका म्हणून अख्खे कळप या गार लादीवर येऊन उभे राहतात. लादीच्या वरच्या अंगाला, जिथे झरा निघतो, तिथे हिवाळ्यातही वाहते पाणी असते, आणि नदीतले मासे त्या थोड्याशा जागेत आपला हिवाळा काढतात. एक झरा आटला तर त्या नदीतली माशांची पिढीच जाईल, इतके त्यांचे आयुष्य त्याला बांधलेले आहे.

प्राण्यांत सर्वांत चकित करणारा प्राणी कॅरिबू नाही, अस्वलही नाही. तो आहे आर्क्टिक खार. ही खार झाडावर राहत नाही; जमिनीत बीळ करते. पर्माफ्रॉस्टमुळे बीळ मीटरभराहून खोल नेता येत नाही. त्यामुळे हिवाळ्यात तिच्या भोवतालची माती उणे पंधरा-वीस अंशांपर्यंत थंड होते. सात-आठ महिने ती गवत, दगडफूल आणि केस यांच्या गोळ्यात वेटोळे करून पडून राहते. ब्रायन बार्न्स या शास्त्रज्ञाने अशा खारींच्या पोटात लहान प्रेषक बसवून तापमान नोंदवले. १९८९ मध्ये त्याने निष्कर्ष छापले तेव्हा जीवशास्त्रज्ञांचा विश्वास बसेना : खारीचे शरीर उणे २.९ अंशांपर्यंत उतरले होते आणि रक्त तरीही गोठले नव्हते. रक्तात गोठण रोखणारे रसायनही सापडले नाही. ते शून्याखाली जाऊनही द्रवच राहते. डोके मात्र शून्याच्या थोडे वर राखलेले असते. दर दोन-तीन आठवड्यांनी खार कुडकुडू लागते. कुडकुडूनच ती अंग छत्तीस-सदतीस अंशांपर्यंत तापवते, अर्धा दिवस तशी राहते आणि पुन्हा गार होते. एप्रिलच्या सुमाराला ती बिळातून वर येते, तेव्हा बाहेर अजून बर्फच असते.

बहुतेक पक्षी मात्र थंडी टाळतात. महाराष्ट्रात हिवाळ्यात तळ्याकाठच्या पाणगवतात शेपटी हलवत फिरणारा निळ्या गळ्याचा ब्लूथ्रोट पक्षीनिरीक्षकांच्या ओळखीचा आहे. त्याच जातीचे पक्षी ब्रुक्स रांगेच्या उत्तर पायथ्याला विलोच्या झुडपांत घरटी करतात. हे पक्षी हिवाळ्यासाठी अमेरिकेत दक्षिणेकडे जात नाहीत. बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून आशियात येतात.

माणूस या रांगेत फार आधीपासून आहे. हिमयुगात उत्तर उतारावरचा मोठा प्रदेश हिमनद्यांखाली गेला नव्हता आणि समुद्र खाली गेल्याने तो सायबेरियाला जोडलेला होता. वायव्येकडच्या मेसा नावाच्या टेकाडावर दहा हजार वर्षांहून जुन्या शिकाऱ्यांची हत्यारे आणि चुली सापडल्या आहेत. कोबुक नदीवर अनियन पोर्टेज इथे कॅरिबूंचे कळप नदी ओलांडतात. १९४१ मध्ये लुईस गिडिंग्ज या पुरातत्त्वज्ञाला ती जागा सापडली आणि पुढच्या उत्खननात दिसून आले की हजारो वर्षे, एकामागून एक संस्कृतीचे लोक तिथेच येऊन कॅरिबूंची वाट पाहत थांबत होते. आजही शरद ऋतूत तिथे शिकार होते.

डोंगरातच राहिलेले इनुपियाक म्हणजे नुनामिउट. किनाऱ्यावरचे त्यांचे भाऊबंद देवमासा आणि सील यांवर जगले, नुनामिउट कॅरिबूवर. दगड रचून माणसासारख्या दिसणाऱ्या उभ्या खुणांच्या रांगा करायच्या, कळपाला त्या भ्यायला लावून तळ्यात उतरवायचे आणि कयाकमधून भाल्यांनी टिपायचे, अशी त्यांची पद्धत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅरिबू घटले, रोगराई आली, आणि बहुतेक कुटुंबे किनाऱ्याला गेली. १९३०च्या दशकाच्या अखेरीला काही परतली. १९४९ च्या सुमाराला ती अॅनाक्टुवुक खिंडीत एकत्र आली आणि तिथे गाव वसले. आज गावात चारशेच्या आसपास लोक राहतात. रस्ता नाही, सगळे विमानाने येते. सायमन पॅनिआक हे याच समाजातले जाणते शिकारी. पक्षी, प्राणी, जुन्या वाटा यांबद्दल त्यांनी बाहेरून आलेल्या शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे माहिती पुरवली. गावातले संग्रहालय त्यांच्या नावाने आहे, आणि ते योग्यच आहे. या रांगेबद्दलच्या कितीतरी शास्त्रीय लेखनाखाली अशा माणसांचे ज्ञान आहे.

कॅरिबूंचे कळप मोठे आहेत, पण स्थिर नाहीत. पश्चिम आर्क्टिक कळप २००३ मध्ये ४ लाख ९० हजारांवर होता, तो २०२३ पर्यंत १ लाख ५२ हजारांवर आला. पूर्वेचा पॉर्क्युपाइन कळप २०१७ च्या मोजणीत २ लाख १८ हजार भरला. हा कळप दरवर्षी दक्षिणेतून रांग ओलांडून आर्क्टिक किनाऱ्याच्या अरुंद मैदानावर विण्यासाठी जातो. मैदानावर नवे गवत असते, समुद्राचा वारा डासांना हटवतो, लांडगे डोंगरातच मागे राहतात. रांगेच्या दक्षिणेला राहणारे ग्विचिन लोक याच कळपावर जगतात, आणि विण्याची ती जागा त्यांना पवित्र वाटते. ते स्वतः तिथे शिकारीला जात नाहीत. याच मैदानाखाली तेल असण्याची शक्यता आहे. ओलाउस आणि मार्गारेट म्युरी या दांपत्याने १९५६ मध्ये शीनजेक नदीकाठी मोहीम काढली, तिच्या प्रभावातून १९६० मध्ये ईशान्येचा प्रदेश राखीव झाला. १९८० मध्ये तो वाढवला गेला, पण किनाऱ्याच्या पट्टीचा निर्णय लोंबकळत ठेवला. २०१७ च्या कायद्याने ती तेलासाठी खुली झाली. जानेवारी २०२५ मधल्या लिलावात एकही बोली आली नाही. वाद मात्र सुरूच आहे.

रांगेच्या मध्यभागाचे भाग्य बॉब मार्शल या वनशास्त्रज्ञामुळे बदलले. १९२९ मध्ये तो कोयुकुकच्या उत्तर फाट्याने वर गेला आणि नदीच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या फ्रिजिड क्रॅग्ज आणि बोरियल माउंटन या शिखरांना त्याने आर्क्टिकचे दरवाजे म्हटले. पुढे तो वाइझमन या सोने शोधणाऱ्यांच्या वस्तीत वर्षभर राहिला. १९३९ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी तो गेला. १९८० मध्ये झालेल्या राष्ट्रीय उद्यानाला त्याने दिलेलेच नाव मिळाले : गेट्स ऑफ द आर्क्टिक. गोव्यासारखी नऊ राज्ये मावतील एवढ्या या उद्यानात एकही रस्ता नाही, आखलेली पायवाटही नाही.

जो एकमेव रस्ता रांग ओलांडतो, तो उद्यानाच्या पूर्वेने जातो : डाल्टन हायवे, ६६६ किलोमीटर, १९७४ मध्ये प्रूडो बेच्या तेलवाहिनीच्या बांधकामासाठी घाईने केलेला. अॅटिगन खिंडीत तो १,४४४ मीटर उंची गाठतो. कोल्डफूट ही वस्ती सोडली की पुढे जवळपास ३८५ किलोमीटर पेट्रोल मिळत नाही. शेजारून जाणाऱ्या तेलवाहिनीत अभियंत्यांपुढे मुख्य अडचण होती ती गोठलेल्या जमिनीची. गरम तेलाचा नळ जमिनीत पुरला तर बर्फ वितळून नळच खचायचा. म्हणून १,२८७ किलोमीटरपैकी निम्म्याहून अधिक लांबी खांबांवर उचलली. हजारो खांबांत अमोनियाच्या बंद नळ्या आहेत. हिवाळ्यात जमिनीतल्या उबेने खालचा अमोनिया उकळून वाफ होतो, वरच्या पंखांपाशी थंडीत पुन्हा द्रव होतो आणि खाली ओघळतो. वीज नाही, पंप नाही. बाहेरची थंडीच जमिनीतली उष्णता काढून घेते. अशा १ लाख २० हजारांहून अधिक नळ्या आहेत. १९७७ पासून तेल वाहते आहे ते या थंडीच्या भरवशावर.

तो भरवसा आता ढळतो आहे. डाल्टन रस्त्याच्या बाजूच्या उतारांवर माती, दगड, बर्फ आणि मोडकी झाडे यांच्या जिभा खाली सरकत आहेत. गोठलेल्या राड्याच्या या जिभा रांगेतल्या रस्त्यालगत दोनशेहून अधिक आहेत. त्यांपैकी एक रस्त्याच्या इतकी जवळ आली की २०१८ मध्ये रस्ताच दूर हलवावा लागला. २००७ मध्ये वीज पडून अॅनाक्टुवुक नदीकाठची टुंड्रा पेटली आणि हजार चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश जळाला. मॅक्कॉल हिमनदीवर १९५७ पासून मोजमापे चालू आहेत आणि ती पातळ होत चालली आहे. लेफिंगवेलने १९०७ मध्ये ओक्पिलाक हिमनदीचे छायाचित्र घेतले होते. जवळपास शतकानंतर नोलनने त्याच जागेवरून पुन्हा छायाचित्र घेतले, तेव्हा जुन्या चित्रात बर्फाने भरलेली दरी दगडगोट्यांची झालेली दिसली. पश्चिमेकडच्या दऱ्यांत स्प्रूसची झाडे पूर्वी नव्हती तिथे उगवत आहेत. संशोधक रोमन डायल याला आधी उपग्रहाच्या चित्रांत त्यांच्या लांब सावल्या दिसल्या, मग तो पायी जाऊन ती झाडे पाहून आला. दशकाला चार किलोमीटरहून अधिक वेगाने ती उत्तरेकडे सरकत असल्याचे त्याच्या गटाने २०२२ मध्ये मांडले.

या सगळ्यांत चिंतेची गोष्ट पाण्यात घडते आहे. लेखक जॉन मॅक्फी १९७५ मध्ये कोबुकला मिळणाऱ्या सॅल्मन नदीतून होडीने गेला होता. तिचे स्फटिकासारखे पाणी त्याच्या पुस्तकातून जगभरच्या वाचकांना ठाऊक झाले. १९८० मध्ये या नदीला राष्ट्रीय संरक्षण मिळाले. २०१९ च्या सुमारास ती नारिंगी झाली. तिच्या काठी खाण नाही, कारखाना नाही, गाव नाही. कारण डोंगराच्याच पोटात आहे. इथल्या खडकांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज, जागोजाग आहे. हजारो वर्षे ते गोठून राहिले, त्याला हवा आणि पाणी मिळाले नाही. पर्माफ्रॉस्ट वितळला तशी ती दोन्ही आत पोचली. पायराइटचे गंधकाम्ल झाले, लोह विरघळले आणि नदीत येऊन गंजासारखे बसले. आम्ल सोबत कॅडमियम, अॅल्युमिनियम, जस्तही ओढून आणते.

पश्चिमेच्या डी लाँग डोंगरात गंजाचे ओढे जुनेच आहेत. १९६०च्या दशकात बॉब बेकर या वैमानिकाला ते आकाशातून दिसले, आणि त्या खुणेवरून १९८९ मध्ये रेड डॉग ही जगातल्या मोठ्या जस्त खाणींपैकी एक सुरू झाली. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रांगेतले पंच्याहत्तर ओढे-नद्या मोजल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच गेल्या दशकभरात बदललेल्या. काहींचे पाणी लिंबाच्या रसाएवढे आंबट झाले आहे. अकिलिक नदीच्या एका ओढ्यात २०१७ मध्ये माशांची पिल्ले होती. पुढच्या वर्षी, पाणी नारिंगी झाल्यावर, ती नव्हती. सॅल्मन नदीत धातूंचे प्रमाण जलचरांसाठी ठरवलेल्या सुरक्षित मर्यादेच्या वर गेल्याचे २०२५ मध्ये सिद्ध झाले. खालच्या अंगाला राहणारी इनुपियाक गावे याच नद्यांचे मासे खातात. रांगेच्या दक्षिण कुशीतल्या तांब्यापर्यंत जाण्यासाठी ३४० किलोमीटरचा अँबलर रस्ता प्रस्तावित आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने तो नाकारला आणि २०२५ मध्ये नव्या सरकारने मंजूर केला. म्हणजे आधीच बिघडलेल्या पाण्याच्या प्रदेशात उद्या खाणींचीही भर पडू शकते.

खाणीतून असे आम्ल निघाले तर तिच्या मालकाला जबाबदार धरता येते. पाणी अडवता येते, चुना घालून निवळता येते. ब्रुक्स रांगेत ते शेकडो उतारांतून, रस्ता नसलेल्या दऱ्यांत झिरपते आहे आणि तिथे बंद करायला कोणतीही तोटी नाही. हे पाणी पुन्हा स्वच्छ व्हायचे तर ती जमीन पुन्हा गोठायला हवी, एवढाच उपाय शास्त्रज्ञ सांगतात.